संधि आणि संश्रय



दोन राज्यांनीं एकमेकांच्या साह्यास सैन्यानिशीं धांवून जाण्याचें वचन द्यावें, तें वचन कागदावर उतरावें, त्यावर शिक्कामोर्तब व्हावें, आणि मग त्या कागदाच्या भरंवशावर हजारों माणसांनीं निर्धास्त निजावें अथवा रणांगणावर देह ठेवावा, ही गोष्ट मनुष्याच्या इतिहासांत फार जुनी आहे. वर्तमानपत्रांत अशा एखाद्या तहाची बातमी आली म्हणजे सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून निघतो: ह्या तहानें लढाई टळेल, कीं जवळ येईल? प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर साधें नाहीं. कारण लष्करी सख्याचे तह एकाच हेतूनें होत नाहींत. कोणी ते रक्षणासाठीं करतो, कोणी तिसऱ्याचा मुलूख वांटून घेण्यासाठीं करतो, कोणी एकास डोईजड होऊं न देण्यासाठीं करतो, तर कोणी मित्राच्या नात्यानें मित्रासच अंकित करण्यासाठीं करतो. हे चारही प्रकार पाहण्यासाठीं युरोपांत जाण्याचें कारण नाहीं. १७६९ पासून १८०३ पर्यंतच्या चौतीस वर्षांत ते सगळे आपल्या दख्खनमध्यें घडून गेले, आणि त्यांतील एका तहानें महाराष्ट्राचें स्वातंत्र्य संपुष्टांत येण्यास आरंभ झाला. त्या तहांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत परराज्याशीं वागण्याचे सहा मार्ग सांगितले आहेत: संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. त्यांपैकीं पहिला आणि पांचवा एवढे दोन आजच्या विषयापुरते ध्यानांत ठेवावे. अटी ठरवून दोन राजांनीं केलेला करार तो संधि. आणि बलिष्ठाच्या आश्रयास जाऊन आपला भार त्याच्यावर टाकणें तो संश्रय. संधींत दोन्ही पक्षांच्या हातीं कांहीं ना कांहीं राहतें. संश्रयांत तें एकाच्याच हातीं राहतें. शास्त्रांत हे मार्ग वेगळे दिसतात. व्यवहारांत मात्र संश्रयाचा कागदही पुष्कळदां संधीच्याच भाषेंत लिहिलेला असतो, आणि राज्यकर्ते फसतात ते येथें.

त्या काळीं दख्खनमध्यें चार सत्ता होत्या. पुण्यास पेशवे, हैदराबादेस निजाम, श्रीरंगपट्टणास हैदरअल्ली, आणि समुद्रकांठीं इंग्रजांची कंपनी. पहिल्या तिघांच्या सरहद्दी एकमेकींस भिडलेल्या होत्या, आणि म्हणून त्यांचीं भांडणेंही घरगुती होतीं. पेशव्यांची निजामावर चौथाईची मागणी होती. कृष्णा आणि तुंगभद्रा यांमधील मुलुखावरून पेशवे व हैदर यांची झटापट चालूच असे. निजाम दोघांसही भीत असे आणि दोघांचाही हेवा करी. चौथी सत्ता समुद्राकडे पाठ करून उभी होती. तिचीं मुंबई, मद्रास आणि कलकत्ता अशीं तीन ठाणीं होतीं. एका ठाण्यावर संकट आलें तर दुसऱ्याकडून पैसा आणि माणसें येत. ह्या एका सोयीचें महत्त्व पुढें पावलोपावलीं दिसून येईल.

आतां पहिला तह. हैदर आणि इंग्रज यांचें पहिलें युद्ध १७६७ मध्यें सुरू झालें. एप्रिल १७६९ मध्यें हैदर निवडक स्वार घेऊन थेट मद्रासच्या वेशीशीं येऊन उभा राहिला आणि तेथें त्यानें तह करून घेतला. जिंकलेला मुलूख परस्परांनीं परत करावा, आणि एकावर कोणी चालून आल्यास दुसऱ्यानें त्याच्या रक्षणास जावें, असें ठरलें. हैदराच्या दृष्टीनें हें दुसरें कलमच मोलाचें होतें, कारण थोरले माधवराव पेशवे त्याच्यावर एकामागून एक स्वाऱ्या करीत होते. दोनच वर्षांत ह्या कलमाची कसोटी लागली. मार्च १७७१ मध्यें त्रिंबकराव पेठे यांनीं मोती तलावाजवळ हैदराचा पुरा मोड केला. हैदरानें मद्रासकडे साह्य मागितलें. मद्रासकरांनीं सैन्य पाठविलें नाहीं. हैदरास वांचवावें तर मराठ्यांचें वैर पदरीं पडतें, आणि अर्काटचा नबाब तर हैदराचा हाडवैरी, अशी त्यांची अडचण होती. ती खरीही होती. पण रक्षणाचें वचन अडचणीच्या वेळेसाठींच दिलेलें असतें. १७७२ मध्यें हैदरास मुलूख आणि पैसा देऊन मराठ्यांपासून सुटका करून घ्यावी लागली. इंग्रजांनीं आपणांस तोंडघशीं पाडलें, हें तो मरेपर्यंत विसरला नाहीं.

दुसरा तह पुण्याच्या घरच्या भांडणांतून निघाला. नारायणरावांच्या वधानंतर राघोबादादांस बारभाईंनीं गादीवरून दूर केलें. तेव्हां दादा इंग्रजांकडे गेले आणि ६ मार्च १७७५ रोजीं त्यांनीं सुरतेस मुंबईकरांशीं तह केला. इंग्रजांनीं अडीच हजार सैन्य द्यावें, खर्च दादांनीं सोसावा, आणि मोबदला म्हणून साष्टी व वसई इंग्रजांस द्यावी, असा तो व्यवहार होता. साष्टींतील ठाण्याचा किल्ला तर मुंबईकरांनीं तहापूर्वींच घेऊन ठेवला होता. ह्यांतून पहिलें इंग्रज-मराठा युद्ध उद्भवलें. कलकत्त्याच्या कौन्सिलानें हा तह नामंजूर केला, १७७६ मध्यें पुरंदरचा तह झाला, तोही टिकला नाहीं, आणि जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास मुंबईकरांच्या फौजेस शरण यावें लागलें. परंतु सुरतेच्या तहांत एक नमुना तयार झाला होता: सैन्य आमचें, खर्च तुमचा, आणि त्याबद्दल मुलूख आमचा. हा नमुना पुढें किती वाढला तें आपण पाहूंच.

वडगांवच्या विजयानंतर युद्ध संपेल असें वाटलें होतें. परंतु मुंबईकरांनीं वडगांवचा करार मानला नाहीं आणि बंगालहून जनरल गॉडर्डची फौज सबंध हिंदुस्थान ओलांडून गुजराथेंत उतरली. तेव्हां नाना फडणिसांनीं जी मसलत उभारली तिच्या तोडीची मसलत अठराव्या शतकांतील हिंदुस्थानांत दुसरी सांपडणें कठीण आहे. कंपनीचीं तीन ठाणीं आहेत ना? मग तिन्हींवर एकदम घाव घालावा, म्हणजे कोणीच कोणाच्या साह्यास जाऊं शकणार नाहीं. हैदरानें मद्रासवर जावें. नागपूरकर भोसल्यांनीं कटकच्या वाटेनें बंगालवर जावें. निजामानें उत्तर सरकारांत शिरावें. आणि पेशव्यांच्या फौजांनीं शिंदे-होळकरांसह मुंबईकर व गॉडर्ड यांस गुजराथेंत आणि कोंकणांत गुंतवून ठेवावें. हैदरास राजी करण्यासाठीं कृष्णेच्या दक्षिणेस त्यानें घेतलेला मराठ्यांचा मुलूख त्याच्याकडे राहूं देण्यास नाना कबूल झाले. आठ वर्षांपूर्वीं ज्याचा मोड केला त्याच्याशीं हात मिळविण्याइतका मनाचा लवचिकपणा त्यांच्या ठिकाणीं होता.

हैदरानें आपला शब्द पाळला. जुलै १७८० मध्यें तो कर्नाटकांत उतरला. १० सप्टेंबर रोजीं पोलिलूर येथें त्यानें कर्नल बेलीची तुकडी पार बुडविली, आणि नोव्हेंबरांत अर्काट घेतलें. हिंदुस्थानांत इंग्रजांवर तोंवर असा प्रसंग आला नव्हता. त्याच वेळीं भोसले बंगालवर तुटून पडते आणि निजाम उत्तरेकडून दाबता, तर काय झालें असतें हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. परंतु मुधोजी भोसले यांची फौज कटकपर्यंत आली आणि तेथेंच रेंगाळली. वॉरन हेस्टिंग्जनें त्यांना पैसा दिला. नागपूरकरांच्या मनांत पुण्याविषयीं जुनी अढी होती. बंगालवर तरवार चालवून पुण्याचें महत्त्व वाढवावें असें त्यांना वाटत नव्हतें. एवढेंच नव्हे, तर १७८१ मध्यें कर्नल पीअर्स बंगालची पलटण घेऊन ओरिसांतून मद्रासकडे हैदराशीं लढावयास निघाला, तेव्हां त्याला भोसल्यांच्या मुलुखांतून वाट मिळाली. निजामाची कथा याहून सोपी आहे. मद्रासकरांनीं गुंटूर प्रांत परस्पर हस्तगत केला म्हणून तो रुसला होता. हेस्टिंग्जनें गुंटूर परत देवविला, आणि त्याचा रुसवा निघाला. चौघांच्या मसलतींतून दोघे असे घरीं बसले.

राहिले दोघे, पेशवे आणि हैदर. सह्याद्रीच्या घांटांत मराठ्यांनीं १७८१ मध्यें गॉडर्डला मागें हटविलें. पण वसई गेली होती, माळव्यांत महादजी शिंद्यांवर इंग्रजांचा दाब पडला होता, आणि युद्धाचें सातवें वर्ष चाललें होतें. अखेर १७ मे १७८२ रोजीं महादजींच्या मध्यस्थीनें सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई परत आली, राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनीं सोडला. पेशव्यांचें युद्ध ज्या कारणासाठीं होतें तें कारण दूर झालें. पण तहांत आणखी एक कलम होतें: हैदरानें जिंकलेला मुलूख सहा महिन्यांच्या आंत इंग्रजांस परत द्यावा, अशी व्यवस्था पेशव्यांनीं करावी. ज्याला आपण रणांत बोलाविलें, जो एकटा पूर्ण जोरानें लढला, त्याच्या विजयाचा त्यानें त्याग करावा असें त्याच्या मित्रांनीं त्याच्या शत्रूस लिहून दिलें. नानांस हें बोचलें असलें पाहिजे, कारण पुण्याची मान्यता मिळण्यास विलंब लागला. डिसेंबर १७८२ मध्यें हैदर वारल्यावरच ती मिळाली. पण विलंबानें कलम बदलत नाहीं. १७७१ मध्यें इंग्रजांनीं हैदरास सोडलें. १७८२ मध्यें आपण सोडलें. हा भाग मराठी मनास रुचणारा नाहीं, तरी तो सांगितलाच पाहिजे.

हें संघटन कां फसलें? लढाऊपणाची उणीव होती असें म्हणतां येत नाहीं. चौघांचा शत्रु एक होता, पण चौघांचें ईप्सित एक नव्हतें. पेशव्यांस घरांतली ढवळाढवळ थांबवावयाची होती, हैदरास कर्नाटक हवें होतें आणि जुना सूड घ्यावयाचा होता, निजामास गुंटूर हवा होता, आणि भोसल्यांस फक्त आपलें घर सांभाळावयाचें होतें. ज्याचें ज्याचें ईप्सित पुरें झालें तो तो बाजूस झाला. हेस्टिंग्जनें चौघांशीं एकदम युद्ध केलें नाहीं. प्रत्येकाची किंमत वेगळी ओळखली आणि ती वेगळी चुकती केली. शिवाय सर्वांच्या संमतीवांचून कोणीही वेगळा तह करूं नये, हें बंधन पाळून घेणारी कोणतीही यंत्रणा त्या मसलतींत नव्हती.

आठ वर्षांनीं पट उलटा झाला. डिसेंबर १७८९ मध्यें टिपूनें त्रावणकोरवर हल्ला केला. त्रावणकोरचा राजा इंग्रजांचा दोस्त होता. लॉर्ड कॉर्नवॉलिसनें युद्ध करण्याचें ठरविलें आणि १७९० च्या जून-जुलैमध्यें पेशवे व निजाम यांच्याशीं तह केले. ह्या वेळीं हेतु उघड होता: टिपूचा मुलूख घ्यावा आणि तिघांनीं तो वांटून घ्यावा. नानांनीं पूर्वीं ज्याच्या बापाशीं सख्य करून इंग्रजांशीं लढाई केली, त्याच्यावरच आतां इंग्रजांशीं सख्य करून स्वारी केली. ह्याला कोणी विसंगति म्हणेल. परंतु टिपूनेंही पुण्याशीं वैर केलें होतें, आणि तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख परत मिळविण्याची ही संधि होती.

ह्या युद्धांतील एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. मे १७९१ मध्यें कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत गेला, त्यानें लढाई जिंकली, पण त्याच्या छावणींत दाणा उरला नव्हता. बैल मेले, वेढ्याच्या जड तोफा ओढण्यास जनावरें राहिलीं नाहींत, म्हणून त्या त्याला आपल्याच हातानें फोडाव्या लागल्या. तो मागें फिरला. वाटेंत मेलकोट्याच्या बाजूस समोरून स्वार येतांना दिसले, आणि ते शत्रूचे समजून इंग्रज सज्ज झाले. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेचे! मित्राची एवढी मोठी फौज इतकी जवळ आलेली असतां कॉर्नवॉलिसला तिची वार्ताही नव्हती, कारण टिपूच्या हलक्या स्वारांनीं जासुदांच्या वाटा रोखल्या होत्या. मराठ्यांच्या छावणीचा बाजार मात्र भरलेला होता. धान्य होतें, बैल होते, कापडाचीं दुकानें होतीं, सराफही बसले होते. भाव चढे होते, पण उपाशी सैन्यास अन्न मिळालें. ती फौज आणखी दोन-चार दिवस आधीं भेटती, तर तोफा फोडाव्या लागल्या नसत्या. दोन सैन्यें एकाच शत्रूवर चालून जात आहेत एवढ्यानें तीं एक होत नाहींत; त्यांच्यांत बातमीचा धागा असावा लागतो.

मार्च १७९२ मध्यें श्रीरंगपट्टणाचा तह झाला. टिपूचें निम्में राज्य गेलें, तीन कोटि तीस लक्ष रुपये दंड बसला, आणि त्याचे दोन मुलगे ओलीस राहिले. मिळालेल्या मुलुखाचे तीन वांटे झाले. मराठ्यांची सरहद्द तुंगभद्रेस भिडली. टिपूस समूळ नाहींसा करूं नये, असें पुण्याच्या मुत्सद्द्यांस वाटत होतें. कारण दक्षिणेंत इंग्रजांस तोलून धरणारा दुसरा कोणी नव्हता. तोल राखण्याचा हा विचार दूरदर्शीपणाचा होता. पण तोलाचें राजकारण एका हातानें करतां येत नाहीं. टिपूचें निम्में बळ काढून घेण्यास ज्यांनीं हात लावला, त्यांनींच त्यास भार तोलण्यास उभें ठेवावें, ही अपेक्षा फार काळ टिकणारी नव्हती.

ह्यानंतर कॉर्नवॉलिसनें एक सूचना केली. तिन्ही दोस्तांनीं एकमेकांच्या मुलुखाची हमी घेणारा कायमचा करार करावा. निजाम उत्सुक होता. पुण्यानें टाळाटाळ केली, कारण तशी हमी दिली असती तर निजामाकडील चौथाईच्या मागणीवर पाणी सोडावें लागलें असतें. ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्यास मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला. निजामानें इंग्रजांकडे साह्य मागितलें असतां सर जॉन शोअर तटस्थ राहिला. खर्ड्याचा विजय मराठ्यांच्या एकत्र सैन्याचा शेवटचा मोठा विजय ठरला. त्याच विजयानें भ्यालेला निजाम मात्र असा रक्षक शोधूं लागला कीं जो पुन्हां तटस्थ राहणार नाहीं. प्रथम त्यानें रेमाँ ह्या फ्रेंच सरदाराच्या हाताखालीं कवाइती पलटणी वाढविल्या. मग सप्टेंबर १७९८ मध्यें नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली यानें त्यास इंग्रजी फौज देऊं केली आणि निजामानें ती घेतली. पुढच्याच महिन्यांत फ्रेंच पलटणींचीं हत्यारें काढून घेण्यांत आलीं.

टिपूनेंही मित्र शोधले. त्याचे वकील मॉरिशसला गेले. तेथील फ्रेंच गव्हर्नरानें जानेवारी १७९८ मध्यें उघड जाहीरनामा लावून त्याच्यासाठीं स्वयंसेवक मागितले. मिळालीं तीं शंभराच्या आंतबाहेर माणसें. पण त्या जाहीरनाम्याचा आधार घेऊन वेलस्लीनें युद्धाची सिद्धता केली, आणि ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला. दूरच्या मित्राकडून साह्य न येतां केवळ त्याच्या नांवाचा गवगवा झाला, तर तें सख्य नुसतें निरुपयोगी नसतें, घातक असतें.

आतां तैनाती फौजेची व्यवस्था काय होती तें पाहूं. इंग्रजांच्या पलटणी मित्रराजाच्या मुलुखांत कायम राहाव्या; त्यांचा खर्च राजानें द्यावा; इंग्रजांच्या शत्रूंपैकीं कोणा युरोपियनास त्यानें नोकरींत ठेवूं नये; आणि परराज्याशीं बोलणें करावयाचें तें इंग्रजांस विचारून करावें. निजामास आरंभीं ह्यासाठीं वर्षास सुमारें चोवीस लक्ष रुपये द्यावे लागत. रोख रक्कम नेहमीं थकते. थकली म्हणजे तगादा लागतो. तगाद्यास कंटाळून राजा मुलूख तोडून देतो. १८०० मध्यें निजामानें तेंच केलें. टिपूच्या राज्यांतून १७९२ आणि १७९९ मध्यें जो मुलूख त्यास मिळाला होता तो त्यानें फौजेच्या खर्चासाठीं इंग्रजांस देऊन टाकला. दोन युद्धांतील त्याची सगळी कमाई अशी मित्राच्या घरीं गेली. १८०१ मध्यें अयोध्येच्या नबाबास तर निम्म्याहून अधिक राज्य द्यावें लागलें. ह्या व्यवस्थेंत खरी मेख ही, कीं ज्या राजाचें रक्षण दुसरा करतो त्याला स्वतःचें सैन्य नीट ठेवण्याचें कारण उरत नाहीं, आणि सैन्य नाहींसें झालें म्हणजे तो दुसरा नको म्हणण्याची सोयही उरत नाहीं.

वेलस्लीनें हीच फौज पुण्यासही देऊं केली होती. ती पुण्यानें घेतली नाहीं. पण १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले. दुसऱ्या बाजीरावांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांचे स्वतःचे सरदारच त्यांना भयप्रद झाले होते. शिंद्यांचे कारभारी सर्जेराव घाटगे यांनीं १७९८ मध्यें पुणें शहर पैशासाठीं पिळून काढलें होतें. आणि यशवंतराव होळकरांचा भाऊ विठोजी यास बाजीरावांनीं १८०१ मध्यें हत्तीच्या पायीं दिल्यामुळें होळकरांचें वैर उभें होतें. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरजवळ होळकरांनीं शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव कोंकणांत उतरले, इंग्रजांच्या गलबतांतून वसईस गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं तहावर सही केली.

वसईचा तह वाचला तर त्यांत कोठेंही अपमानाचा शब्द नाहीं. तो उभय पक्षांच्या कायमच्या रक्षणासाठीं आहे. एकाचे मित्र व शत्रु ते दुसऱ्याचे मित्र व शत्रु मानावे, असें त्यांत म्हटलें आहे. ही संधीची भाषा. पण कलमें काय होतीं? सहा हजार पायदळाची फौज पेशव्यांच्या मुलुखांत कायम राहावी. तिच्या खर्चास सव्वीस लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यावा. सुरतेवरील हक्क सोडावा. निजाम आणि गायकवाड यांच्याशीं असलेले तंटे इंग्रजांच्या निवाड्यास टाकावे. आणि इतर राज्यांशीं युद्ध वा तह इंग्रजांच्या सल्ल्यावांचून करूं नये. हा संश्रय. खर्ड्यास जी चौथाई तरवारीनें मिळविली ती आतां मध्यस्थाच्या मर्जीवर राहिली. १३ मे १८०३ रोजीं बाजीराव इंग्रजांच्या संरक्षणाखालीं पुण्याच्या गादीवर पुन्हां बसले.

रक्षणाच्या ह्या तहानें आठ महिन्यांच्या आंत युद्ध आणलें. शिंदे आणि भोसले यांना त्याचा अर्थ कळला आणि ते शस्त्र घेऊन उठले; होळकर बाजूस राहिले; गायकवाड आधींच इंग्रजांकडे गेले होते. २३ सप्टेंबर १८०३ ला असई, २९ नोव्हेंबरला आडगांव, १५ डिसेंबरला गाविलगड. त्याच महिन्यांत भोसल्यांचा देवगांवचा आणि शिंद्यांचा सुर्जी-अंजनगांवचा तह. मग १८०४ मध्यें होळकर एकटे लढले, तेव्हां दुसरे स्वस्थ होते. १७८० ची चूक पुन्हां घडली. फरक इतकाच कीं ह्या वेळीं सगळे एकाच मराठी राज्याचे सरदार होते. पुढें ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं बाजीरावांनीं खडकीस ह्या आश्रयाविरुद्ध शस्त्र उचललें. त्या दिवशीं दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण रणांगणावर आली. ती पेशव्यांच्या पगारावर उभारलेली होती, पण तिचे अधिकारी इंग्रज होते. ती इंग्रजांच्या बाजूनें लढली.

ह्या सर्व हकीकतींतून चार प्रश्न निघतात, आणि ते कोणत्याही काळच्या तहास लावून पाहतां येतात. सैन्य कोणाच्या हुकुमांत राहणार? त्याचा खर्च कोण आणि कशाच्या रूपानें देणार? एकानें वेगळा तह केला तर त्यास अडविणार कोण? आणि संकट गेल्यावर दूर होण्याची मोकळीक राहणार कीं नाहीं? पश्चिमेकडील मुत्सद्द्यांसही ह्या प्रश्नांनीं सोडलें नाहीं. इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांनीं ५ सप्टेंबर १९१४ रोजीं लंडनमध्यें वेगळा तह न करण्याची शपथ घेतली; तरी रशियांत क्रांति झाल्यावर मार्च १९१८ मध्यें ब्रेस्ट-लिटोव्हस्क येथें वेगळा तह झालाच. ४ एप्रिल १९४९ रोजीं बारा राष्ट्रांनीं केलेल्या उत्तर अटलांटिक करारांत एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला मानावा असें पांचव्या कलमांत म्हटलें आहे. पण साह्य कोणत्या प्रकारें करावयाचें हें प्रत्येकानें आपल्या विचारानें ठरवावें, अशी मोकळीकही त्याच कलमांत ठेवली आहे. त्या कराराखालीं संयुक्त सेनाधिपत्याची व्यवस्थाही पुढें उभी राहिली. नानांच्या मसलतींत हीच गोष्ट नव्हती.

तेव्हां तहानें लढाई टळेल कीं जवळ येईल, हें तहाच्या नांवावरून सांगतां येणार नाहीं. १७६९ चा तह रक्षणाचा होता, त्यानें रक्षण केलें नाहीं. १७९० चा तह उघड आक्रमणाचा होता, तरी तो तिघांनींही शेवटपर्यंत पाळला, कारण तिघांचा वांटा ठरलेला होता. १८०२ चा तह मैत्रीचा होता, आणि त्यांत राज्य गेलें. यापुढें अशा एखाद्या कराराची बातमी आपल्या घरीं वाचली जाईल तेव्हां मथळ्यावर न थांबतां त्याचीं कलमें पाहावीं, आणि तीं वाचतांना मनाशीं विचारावें कीं हा संधि आहे, कीं संश्रय आहे. वसईच्या गलबतांतून उतरणाऱ्या बाजीरावांपाशीं हा विचार करण्यास फारसा अवसर उरला नव्हता. तो करण्याची वेळ त्याच्या पुष्कळ आधीं, जेव्हां सरदार एकत्र होते आणि खर्डा जिंकलेला होता, तेव्हांची होती.